गोदे, तू ताट काहून ओढलंस

गोदे,

परवा तुझा दहावा झाला. कावळा बराच वेळ पिंडाला शिवला नाही, तेव्हा तुझ्या घरचे एकमेकांच्या तोंडाकडं पाहायला लागले. कोणी म्हणालं, नातवाच्या लग्नात जीव अडकलाय. कोणी म्हणालं, वावराच्या बांधात. मी लांब लिंबाखाली बसले होते. आमच्या बौद्धांत हे कावळ्याचं काही नसतं, त्यामुळं मला त्याचा रागही नाही आणि भरवसाही नाही. पण मनात आलंच, की हिचं खरं भांडण माझ्याशी राहिलंय, आणि ते ही कावळ्याला कशाला सांगेल?

भांडण ताटाचं. शेवटची काही वर्षं मी तुझ्याकडं आले, की तू तुझं ताट गुडघ्याखाली ओढून घ्यायचीस. मी वांग्याच्या फोडीला हात घातला, की फोडीसकट ताट लांब. त्याआधी आपण एका ताटात जेवलेल्या बाया. तुझ्या लेकीच्या, शकूच्या लग्नात, तुझ्या सासूच्या डोळ्यादेखत, तू माझ्या पत्रावळीतला अर्धा लाडू उचलून तोंडात टाकला होतास, आणि म्हातारीला ठसका लागला होता. मग म्हातारपणी हे काय? तुला विचारलं की तू म्हणायचीस, "मला साखर हाये. तुला लागंल." डॉक्टर घसा कोरडा करून सांगत होता की ही साखर अशी लागत नाही. मी तुझ्याकडं पाहायचे आणि मनात म्हणायचे, साखरेचं निमित्त आहे, बाईचं जुनं रगत बोलून राहिलंय.

संशय हा माझा जुना धंदा. आपली ओळखसुद्धा त्यातूनच झाली. तुला सगळं माहीत आहे, पण तुझ्या नातवंडांना बारव म्हणजे काय तेही ठाऊक नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आणीबाणीचे दिवस होते. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, आणि मी लग्न होऊन गावात नवी होते. सातवी पास. बुद्धवाड्यात तेवढी शिकलेली बाई दुसरी नव्हती, त्यामुळं मान अशी ताठ, की डोक्यावरची घागर चुंबळीवर नव्हे, माझ्या शिक्षणावर उभी आहे असं मला वाटायचं. साखरा गावच्या बाजारातून कशाला गुंडाळून आलेला छापील कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय चुलीत घालत नसे. अर्धवट फाटलेल्या बातम्या वाचून जे शहाणपण येतं, ते मला भरपूर आलं होतं. जगात जे काही चाललं आहे तो कोणाचा तरी डाव आहे, एवढं मला पक्कं कळलं होतं.

गावाला पाण्याची एकच जागा, ती बारव. पायऱ्यांची विहीर. बाया पायऱ्या उतरून जायच्या, शेवटच्या पायरीवर पोटऱ्यांएवढ्या पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर दाबून भरायच्या. आम्हाला पायरी बंद. आमच्या बाया वर काठावर घागर ठेवून उभ्या राहायच्या. कोणाला दया आली तर ती वरून पाणी ओतायची. माझी सासू राहीबाई, मी यायच्या कितीतरी आधी, एक दिवस अशीच उन्हात उभी राहून राहून कंटाळली, रिकामी घागर उचलून थेट कयाधू नदीत गेली आणि हातानं वाळू उकरून झिरा काढला. "हात पसरण्यापरीस वाळू उकरलेली बरी," म्हणाली. तेव्हापासून बुद्धवाडा त्या झिऱ्याचं पाणी प्यायचा. नितळ पाणी. त्यात कोणी पाय घालायचं नाही, नारळाच्या नरोटीनं अलगद भरायचं, असा तिचा कायदा होता.

आणि गावाला नारूनं घेरलं होतं. वाचणाऱ्याला सांगते, नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब किडा. पायाला फोड यायचा, आग आग व्हायची, फोड फुटून किड्याचं तोंड बाहेर यायचं. मग तो काडीला रोज थोडा थोडा गुंडाळायचा. घाईनं ओढला आणि तुटला, तर पाय खांबासारखा सुजायचा. ऐन पेरणीला घरोघर गडी बाजेवर पडलेले. तुझा मालक त्यातच, ओळीनं दुसऱ्या वर्षी.

बुद्धवाड्यात मात्र एकाचाही पाय फुटला नव्हता.

गावानं यावरून काय ओळखावं? करणी. बुद्धवाड्यानं बारवेत काहीतरी टाकलं, नाहीतर हे कसे वाचतात? आणि आम्ही काय ओळखावं? की गाव आता आमच्या झिऱ्यात काहीतरी टाकणार. म्हणून राहीबाईनं दुपारची राखण माझ्याकडं दिली. मी बेशरमाच्या झुडपात दबा धरून बसायचे. झुडपाचं नाव बेशरम होतं, हे आता आठवलं की हसू येतं. दोघी एकमेकींना शोभत होतो.

तर अशा एका दुपारी तू आलीस. पदराखाली तांब्या, कडेवर शकू. शकू चारेक वर्षांची, एवढी मोठी पोर कडेवर, कारण वाळू तापलेली. तू झिऱ्यापाशी बसलीस, वाकलीस, पाण्याचा वास घेतलास, बोट बुडवून चाखलंस. मी झुडपातून अशी निघाले की शकू रडायला लागली.

"काय टाकलं वो बाई पाण्यात?"

तू दचकली नाहीस. उलट माझ्यावरच नजर रोखलीस. "मी कशाला टाकू? तुमी काय टाकता ते पाहून राहिले."

"आमी काय टाकणार?"

"तेच तर. काही टाकत न्हाई, तरी तुमच्यात एकाचाबी पाय फुटला न्हाई. काहून?"

"म्हंजे फुटावा असं वाटते का तुमाला?"

"मला वाटून काय होते? माझ्या लेकीचा फुटू नये एवढंच वाटते." असं म्हणून तू शकूला मांडीवर घेतलंस आणि तांब्या माझ्यापुढं केलास. "हिच्यापुरतं द्या. चोरून न्यायला आले व्हते, पन आता पकडलंच तर मागते."

तेवढ्यात राहीबाई धुणं घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं, तुला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि तू नरोटीला हात लावणार तोच म्हणाली, "थांब बाय. नरोटीला शिवू नको, आमचा झिरा बाटंल. वंजळ धर, मी वरून वतते."

मला वाटलं, संपलं. आता गाव येऊन बुद्धवाडा पेटवतं. राहीबाई उभी राहिली, हात चांगला उंच केला आणि तुझ्या ओंजळीत वरून धार धरली. चेहरा असा गंभीर, जणू ग्रंथ वाचते आहे. तू ओंजळ धरून प्यालीस. मग एकदम तुला हसू फुटलं, पाणी नाकातून आलं, आणि तू वाळूत बसून खोकत खोकत हसत राहिलीस. राहीबाई हसली नाही. तिनं तांब्या भरून दिला. फक्त तो देताना खाली ठेवला नाही, हातातच दिला.

त्यानंतर तू रोज दुपारी यायला लागलीस. मी मात्र निम्मं तुझ्याशी बोलायचे आणि निम्मं तुझ्या हातांकडं पाहायचे. तू शकूचं जावळ, सासूचे नवस, मालकाचं कण्हणं सांगायचीस, आणि मी मनात जोडून राहिलेली असायचे की ह्यात डाव कुठं आहे. सातवी पास बाईला डाव सापडला नाही, याची मला खरंच तकलीफ व्हायची.

पुढं एक दिवस सरकारी जीप आली. त्या काळी जीप आली म्हणजे नसबंदी. फुफाटा दिसताच गावातले झाडून सगळे गडी कयाधूकडं पळाले आणि माझ्याच बेशरमाच्या झुडपात जाऊन बसले. ज्यांना महिनाभर पाय टेकवत नव्हता तेसुद्धा पळाले. नारूवर भीतीइतकं औषध नाही. गावात राहिल्या बाया. जीपमधून उतरलेला आरोग्य खात्याचा माणूस म्हणत होता, "मी ऑपरेशनवाला नाही, नारूचं पाहायला आलोय," आणि बाया एकमेकींना डोळ्यांनी सांगत होत्या, की ऑपरेशनवाला असंच म्हणणार.

त्यानं विचारलं, "एकही रोगी नाही असं घर कोणतं?" सगळ्यांची बोटं एकदम बुद्धवाड्याकडं. चोर दाखवावा तशी. तो आमच्याकडं आला, मागं सगळ्या बाया. राहीबाईला विचारलं, "आजी, पाणी कुठलं पिता?"

"काहून? पान्याचंबी आपरेशन करता का?"

तो हसला, आमचा झिरा पाहून आला, मग बारवेवर गेला. काचेच्या बाटलीत बारवेचं पाणी घेऊन त्यानं उन्हात धरलं. बारीक ठिपके उड्या मारत होते. त्यानं सांगितलं ते सोपं होतं. नारू झालेला पाय पाण्यात बुडाला, की किडा त्यात पिल्लं सोडतो. ती पिल्लं हे ठिपक्याएवढे प्राणी गिळतात. ते पाण्याबरोबर आपल्या पोटात जातात, आणि वर्षभरानं आपला पाय फुटतो. दुहेरी कापडातून गाळून प्या, आणि नारूवाल्यानं पाण्यात पाय घालू नका. एवढंच.

"मंग यांना काहून होत न्हाई?" तुझ्या सासूनं विचारलं.

राहीबाई म्हणाली, "आमाला पायरी उतरू देता का?"

मग एक म्हातारी चाचरत म्हणाली, "तर मंग उतरा की. कोन नगं म्हनलं?"

"आता? आता बोलावून राहिल्या व्हय?" राहीबाई म्हणाली. "आता तुमीच राहा खाली. आमी वरूनच बरे."

तू तोंडावर पदर घेतला होतास. हसत होतीस की रडत, ते मला वरून दिसलं नाही.

पण जीप गेली आणि गाव पुन्हा जागच्या जागी. तुझ्या सासूनं साती आसरांना नवस बोलला होता. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, त्या बारवेत राहतात. पाच शुक्रवार दुखरा पाय त्यांच्या पाण्यात बुडवायचा आणि हिरव्या बांगड्या वाहायच्या. पाण्यात पाय गेला की फोडाची आग शांत व्हायची, म्हणून सगळ्यांना पटलेलं, की आसरा पावतात. गावातल्या कितीजणांनी हा नवस फेडला असेल, आणि गाव तेच पाणी भरत होतं.

शुक्रवारी तुझा मालक काठी टेकत बारवेवर आला, मागं सासू ताट घेऊन. मी वर काठावर होते, कारण तू सकाळीच सांगून गेली होतीस, "आज काय व्हते ते पाहायला ये, म्हंजे मंग मला कोनी खोटं पाडनार न्हाई." पाहते तर तू खालून तिसऱ्या पायरीवर आडवी बसलेली.

"ऊठ," मालक म्हणाला.

"न्हाई उठत. माझी लेक हे पानी पिते."

"गाळून पाज मंग," तो म्हणाला. त्याचा चेहरा घामानं निथळत होता. त्याला नवसाचं काही नव्हतं, पायाला गार पाणी पाहिजे होतं.

"आसरा कोपतील," सासू वरून म्हणाली.

"कोपल्या तर मला घेऊन जातील. ह्यांचा पाय पान्यात जानार न्हाई. पाहिजे तर घागरीनं पानी आनते, वर बसून वता पायावर. खाली न्हाई."

त्यानं काठी उगारली की तोल जाऊन काठी वर गेली, आजवर नक्की माहीत नाही. तो हेलपाटला. मी काही विचार केला नाही. पुढं झाले आणि माझा पाय पहिल्या पायरीवर पडला.

"कौसल्ये, उतरू नको," तू ओरडलीस.

मी थांबले. सगळ्या बाया माझ्या पायाकडं पाहत होत्या. तुझा मालक भिंतीला धरून आपणहून खाली बसला, त्याला काही झालं नाही. मी पाय मागं घेतला आणि घरी गेले. त्या दिवशी तुझा शब्द राहिला, पाय बुडाला नाही, आणि गावात पहिल्यांदा एक नवस मोडला. मला त्यातलं काही दिसलं नाही. माझ्या कानात एवढंच, की हिनं मला पायरी बंद केली.

दुसऱ्या दुपारी तू तांब्या घेऊन आलीस. मी उभी राहिले आणि वरून धार धरली. तू हसली नाहीस.

"काहून वरडलीस?" मी पहिल्यांदा तुला एकेरीनं बोलले.

"पान्यात नारू व्हता."

"पान्यात व्हता. मी पहिल्या पायरीवर व्हते. पहिल्या पायरीला कुठं पानी?"

तू म्हणालीस, "त्या वक्ताला मला काय म्हाईत कुठवर असते ते."

हे उत्तर मी कधी मानलं नाही. तूही कधी बदललं नाहीस.

पुढं बारवेच्या पायऱ्या भिंत घालून बुजवल्या, वरून रहाटानं पाणी काढायला लागले, मग हापसा आला आणि त्याच्यापुढं सगळे एकाच रांगेत. नारू गेला. तुझ्या मनातून मात्र गेला नाही. तू हापशाचं पाणी दुहेरी लुगड्यातून गाळायचीस. चहा दोनदा गाळायचीस. शकूला कोणाच्या घरचा पेला तोंडाला लावू दिला नाहीस. मी चिडवायचे, की उद्या हवा गाळशील. तू म्हणायचीस, "जे दिसत न्हाई तेच मारते." बराबर होतं ते.

मग साखर निघाली. डॉक्टरनं तुला बसवून सांगितलं, की आजी, सगळे रोग एकाकडून दुसऱ्याकडं जात नाहीत. हा घराण्यातून येतो, बसून राहण्यातून येतो, गोडाधोडातून, वाढलेल्या पोटातून येतो. ताटातून जात नाही. तू बाहेर आल्यावर मला म्हणालीस, "घरान्यातून येते म्हंजे ताटातूनच की. घरानं काय येगळ्या ताटात जेवते?" सातवी पास बाईला तू दुसऱ्यांदा हरवलंस.

आणि पायाची जखम. तुझ्या अंगठ्याला ती झाली तेव्हा तू कोणाला सांगितलं नाहीस. पाला बांधून बसलीस. मी फडकं सोडून पाहिलं तर बोट काळं. "दवाखान्यात चल," म्हणाले, तर तू कुजबुजलीस, "थांब जरा. त्याचं तोंड निघू दे. मंग काडीला गुंडाळू." गोदे, तू नारूची वाट पाहत होतीस. नारू देशातून गेला, असं मी ओरडून सांगत होते आणि तू म्हणालीस, "तुला काय म्हाईत? तू कधी उतरलीस का?"

मी तशीच उठून घरी आले. पुन्हा आले तोवर तुला नांदेडला हलवलं होतं, आणि तिथून तू जिवंत परतली नाहीस.

दहाव्याला जेवणं झाल्यावर मी शकूजवळ बसले. तुझी लेक आता स्वतः आजी आहे. ती तांब्यानं पाणी पीत होती. एक तांब्या, मग दुसरा. उन्हाचे दिवस नव्हते. मधेच उठून मागं जाऊन आली. गळ्याची हाडं वर आलेली. मी म्हणाले, "शके, रगत तपास."

"मला कशाला, मावशी? आईनं तिच्या ताटाला मला शिवू दिलं न्हाई. माझ्या नातवालाबी न्हाई. एकदा त्यानं तिच्या ताटातली पापडी उचलली, तर त्याच्या तोंडात बोट घालून काढली. मला कुठून व्हईल?"

म्हणजे लेकीपासूनही, तिच्या नातवापासूनही. मी ऐकलं, आणि तरी माझं मन म्हणालं, ही पोर मला बरं वाटावं म्हणून सांगत असेल. इतका जुना संशय एका पापडीनं जात नाही. पण दुसरी गोष्ट लख्ख दिसली. तू लेकीला वाचवलं असं समजून गेलीस, आणि तुझ्या भरवशावर ती तहानेनं वाळून चालली होती.

सांगून ऐकणारी ती नाही, तुझीच आहे. म्हणून मी खोटं बोलले. "मला चक्कर येते, सेनगावला दवाखान्यात घेऊन चल," म्हणाले. काल गेलो. माझं बोट टोचायला पुढं केलं आणि नर्सबाईला म्हणाले, हिचंही टोच, नाहीतर मला भीती वाटते. मला काही निघालं नाही. शकूचा आकडा पाहून नर्सबाईनं डॉक्टरला बोलावलं.

शकू बाकड्यावर बसली. मग म्हणाली, "पन मी आईच्या ताटात कधी जेवलेच न्हाई."

"ताटातून येत न्हाई, शके. आता गोळ्या घ्यायच्या, चालायचं, पायाला खडा रुतला तरी मला दाखवायचं."

तिनं मान हलवली. दुपार झाली होती. तिनं फडक्यातून भाकरी आणि पिठल्याचा डबा काढला, सवयीनं दोघींच्या मधे ठेवला. मी हात पुढं केला आणि तिनं डबा झटकन स्वतःकडं ओढला.

तू ओढायचीस तेव्हा मी ताटाकडं पाहत राहायचे. काल पहिल्यांदा मी ओढणारीच्या तोंडाकडं पाहिलं. शकूच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती नुसती घाबरलेली होती, माझ्यासाठी.

मी तिच्या हातातून भाकरी घेतली, तिच्याच डब्यात बुडवली आणि तोंडात घातली. ती माझ्याकडं पाहत राहिली, मला आत्ताच काहीतरी होईल अशी. मी सावकाश चावत होते. मग दुसरा घास मोडला आणि तिच्या हातावर ठेवला.